ब्राउझर जोडला जात होता तेवढा वेळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. तसं हे कुणी वाचणार नाही. लेकीची आठवण आली की लिहिते, एवढंच.

विक्रोळीच्या आमच्या खोलीत तिने जुना कम्प्युटर आणला होता. इंटरनेट बघायचा ब्राउझर ती आयता घ्यायची नाही, त्याचा मूळ कोड उतरवून घरीच तयार करायची.

"फुकट मिळतो ना गं आयता?"

"चपात्या पण मिळतात आयत्या. तू का लाटतेस?"

शनिवारी सुरू केलं की त्याचे तुकडे एकेक करून तयार व्हायचे. रविवारी दुपारी ते जोडायचे. नुसतं जोडणं लवकर उरकायचं. पण एलटीओ म्हणून एक सोय होती. ती चालू केली की कम्प्युटर सगळे तुकडे एकदम समोर घेऊन बघायचा, नको ते काढायचा, मग ब्राउझर जलद चालायचा, असं ती सांगायची. आमच्या कम्प्युटरला तेवढी मेमरी नव्हती. तो अडकून बसायचा, माऊससुद्धा हलायचा नाही.

मग ती उठून माझ्याजवळ यायची. एरवी मला तिची पाठच दिसायची. भाजी निवडता निवडता कॉलेजातल्या मुलींच्या नकला करायची. मला बोलायला सुचत नाही, मी ऐकायचे. पुढच्या रविवारी मीच म्हणायचे, "ते एलटीओ लाव ना."

"तुला कळतं तरी का गं ते?"

"कळतं. तू उठतेस."

संध्याकाळपर्यंत मेमरी संपून सगळं बंद पडायचं. "वाट लागली!" म्हणून ती चिडायची.

शेवटी मामाकडून उसने पैसे घेऊन तिने मेमरी वाढवली. त्या रविवारी एलटीओ लावूनसुद्धा माझी कणीक मळून होते न होते तोच जोडून झालं. "आई, झकास! बघ किती पटकन उघडतो." मी बघितलं. ती खुर्चीतून उठलीच नाही.

हेच काम दाखवून तिला बंगळुरात नोकरी लागली. पगार झाला की फोन यायचा, "मामाचे तुझ्या खात्यात टाकलेत, देऊन ये." त्या निमित्ताने जेवणाखाणाचं चार शब्द बोलायची. बाकी महिनाभर तिला वेळ नसायचा. मी घाटकोपरला जाऊन भावाच्या हातात पैसे द्यायचे.

"एवढी घाई कसली तिला?" तो म्हणायचा.

"तेच सांग ना तिला."

काल तिचा फोन आला. "आई, हे शेवटचे हां."

"पुढच्या महिन्यात पण कर गं फोन."

"करते गं. मीटिंग आहे, ठेवू?"

आज जाऊन भावाला पैसे देऊन आले. सगळे फिटले.