माहेरच्या थांब्यावरून

रिसोडहून वाशिमला जाणाऱ्या दुपारच्या एसटीत ती नेहमी खिडकीशी बसायची. भाजीची रिकामी टोपली पायाशी असायची. नाव मी कधी विचारलं नाही. रिठद जवळ आलं की बोलणं अर्ध्यावर सोडून ती पदर सारखा करायची आणि बाहेर बघत राहायची. तिथं तिचं माहेर होतं, पण ती उतरायची नाही.

ती येशूची प्रार्थना करू लागली, तेव्हापासून भावांनी तिला दार बंद केलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. भावांचा निरोप एकच असायचा, येशूले सोडलं म्हन, अन् आईले भेटून जाय.

एकदा मी म्हणालो, "मंग म्हनून टाका ना, मावशी. मनातलं कोनाले दिसते?"

"आईले दिसते," ती म्हणाली.

"तुमच्या देवानं तरी काय केलं?"

ती जराही चिडली नाही. "मी तुले सोडनार नाही, असं तो बोलला, बाबू. त्यानं नाही सोडलं. आई भेटवतो, असं तो बोललाच नाही. ते मी त्याले मागून राह्यली."

दिवाळीनंतर एका दुपारी रिठदच्या थांब्यावर तिचा धाकटा भाऊ उभा दिसला. त्यानं डोक्याचे केस काढले होते. आई गेली, हे तिला तिथंच कळलं. टोपली तशीच सोडून ती खाली उतरली. भावानं तिच्याकडे पाहिलं आणि तो गावाकडे चालू लागला. थोडं अंतर ठेवून तीही त्याच्यामागे निघाली. त्यानं तिला परत जा म्हटलं नाही.