पडेगावपर्यंतचं तिकीट

राजकुमार हिवराळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एसटीत, वाद घालताना. खरं म्हणजे वाद समोरचा माणूस घालत होता. राजकुमार खिडकीशी बसून त्याला हळू आवाजात समजावत होते.

मी खुलताबादच्या शाळेत शिकवते आणि संभाजीनगरहून रोज अप-डाऊन करते. सकाळची कन्नडची गाडी सेंट्रल स्टँडवरून निघते तेव्हाच भरलेली असते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर बाबा पंपाच्या पुढं तिच्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या दिवशी हतनूरला जाणारे एक गृहस्थ राजकुमारांच्या सीटला टेकून उभे होते.

"तुम्ही पडेगावला उतरणार ना? मग मला बसू द्या की."

"मी उतरणार," राजकुमार म्हणाले, "पण जागा माझ्या बायकोची हाय. ती पडेगावला चढणार."

"अशी रुमाल टाकून जागा धरता येती का?"

"रुमाल कुठं टाकलाय? मी सोता बसलोय की! तिकीट बी काढलंय."

आजूबाजूचे सगळे हसले. गृहस्थांनी कंडक्टरकडं पाहिलं, तर तोही हसत होता. छावणी मागं पडली, पडेगाव आलं. गर्दीतून वाट काढत तिशी ओलांडलेली एक बाई आत आली. राजकुमार उठले, ती बसली. "पाण्याची बाटली घेतली ना?" एवढं विचारून ते उतरले आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले. मी शेजारच्याच सीटवर होते. मी तिच्याकडं पाहिलं तर ती लाजून म्हणाली, "रोज असंच करतेत. नको म्हटलं तरी ऐकत नाय."

ती मोनाली. कन्नडच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स. त्या दिवसापासून खुलताबादपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसून जाऊ लागलो, आणि तिच्याच तोंडून मला राजकुमार कळत गेले.

पडेगावच्या रस्त्याला त्यांचं लेडीज टेलरचं दुकान होतं. जागा भाड्याची, पण नाव त्यांनी स्वतः कमावलेलं. मिटमिट्यापासून छावणीपर्यंतच्या बायका त्यांच्याकडं ब्लाऊज शिवायला येत. शिलाई अशी की दुसऱ्यांदा घालून बघायची गरज पडायची नाही, आणि वायदा असा की ठरल्या दिवशी कपडा कधी मिळायचा नाही. लग्नाचे तेवढे ते वेळेवर देत. बाकी सगळ्यांना "उद्या नक्की, मॅडम" असं इतक्या मऊ आवाजात सांगत की पुढं बोलणंच खुंटायचं.

मोनाली बरीच वर्षं शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात कंत्राटावर होती. सुट्टी मागितली की कामावरून काढायची भीती. त्यातच अभ्यास करून तिनं सरकारी परीक्षा दिली आणि पास झाली. ऑर्डर आली त्या दिवशी राजकुमारांच्या आईनं, केसरबाईंनी, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. सगळे पेढे वाटून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कन्नड म्हंजे घाटाजवळचं कन्नड का गं?"

तेच कन्नड. मग घरात विचार सुरू झाला. तिकडं राहायला जावं, तर राजकुमारांचं दुकान इथं, मुलगी राजनंदिनी नुकती शाळेत रमलेली, आणि केसरबाई घर सोडायला तयार नाहीत. ते घर त्यांनी दुसऱ्यांच्या बंगल्यांवर विटा वाहून उभं केलं होतं. शेवटी मोनालीच म्हणाली, "मी करते अप-डाऊन. लोकं करतेतच की."

राजकुमारांनी ते मानलं. पण पडेगावला येईपर्यंत गाडी भरलेली असते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. दिवसभर वॉर्डात उभं राहायचं, निदान जाताना तरी बसून जावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. तेव्हापासून मोनालीची सकाळची ड्यूटी असली की ते उजाडायच्या आत शेअर रिक्षानं स्टँड गाठत, कन्नडच्या गाडीत खिडकी धरत आणि पडेगावपर्यंत येत. कंडक्टर एकदा म्हणाला, "टेलर, तुमच्याकडून तिकीट घ्यायचं जिवावर येतं हो." त्यावर ते म्हणाले, "घ्या, घ्या. नाय तर तो हतनूरवाला पुन्यांदा भांडंल."

गाडीतल्या बायकांना त्यांचं लई कौतुक. एकीनं तर आपल्या नवऱ्याला मुद्दाम गाडीवर आणून राजकुमार दाखवले होते.

असं हिवाळा, उन्हाळा चाललं. मग श्रावण आला. श्रावणातल्या सोमवारी वेरूळला दर्शनाला जाणाऱ्यांची एवढी गर्दी असते की गाडीत हात वर केला तर खाली घेता येत नाही. अशाच एका सोमवारी पडेगावला मोनाली कशीबशी चढली, पण राजकुमारांना दारापर्यंत पोहोचताच येईना. "थांबवा, थांबवा!" असं ते ओरडले, पण तोवर गाडी शरणापूरच्या रस्त्याला लागली होती. त्यांच्या अंगात घरचा शर्ट, पायात स्लिपर.

"दौलताबादला उतरतो," ते म्हणाले.

मोनाली बसल्या जागेवरून हसत होती. "आता कशाला उतरता? चला कन्नडला. माझं हॉस्पिटल तरी कुठं बघितलंय तुम्ही?"

"दुकान?"

"तसंबी तुम्ही उद्याच देता सगळ्यांना!"

गाडीभर हशा पिकला आणि राजकुमार कन्नडला गेले. मी खुलताबादला उतरले. पुढचं मला मोनालीनं सांगितलं, काही नंतर राजकुमारांनी.

ते दिवसभर रुग्णालयाच्या बाकावर बसून होते. घरात कमी बोलणारी आपली बायको इथं निराळीच आहे, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. एका म्हाताऱ्याला ती दरडावत होती, तर सुईला घाबरलेल्या बाईशी गप्पा मारत होती. गौताळ्याकडच्या तांड्यावरून आलेली एक आजी पायाचं ड्रेसिंग बदलायला दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. "मोनाली सिस्टर येऊ दे," म्हणून बसून राहिली. वॉर्डातल्या मावशी, गीताबाई, राजकुमारांना चहा देत म्हणाल्या, "तुमच्या बाई आल्यापासून वॉर्डात करमतंय बघा." राजकुमार मला म्हणाले, "मला वाटायचं, बिचारी तिकडं दिवस ढकलती. तसं कायबी नव्हतं."

ड्यूटी संपली. दोघं स्टँडवर आले. पहिली गाडी थांबलीच नाही. दुसरी चाळीसगावकडून आली ती गच्च भरून. दोघं चढले आणि दांडी धरून उभे राहिले. हतनूर गेलं, वेरूळ आलं, तिथं कुणी उतरण्याऐवजी माणसं आणखी चढली. खुलताबादच्या पुढं वळणं सुरू झाली तेव्हा राजकुमारांच्या लक्षात आलं की मोनाली उभ्या उभ्या झोपलीय. दांडीला एक हात, डोकं त्याच हातावर टेकलेलं. आणि वळण आलं की झोपेतच तिचा पाय आपोआप पुढं सरकून तोल सावरत होता. हे एका दिवसात शिकता येत नाही, एवढं त्यांना कळलं.

दौलताबादच्या दरवाजापाशी गाड्या अडकल्या होत्या. धक्क्यानं तिला जाग आली.

"रोज अशीच येती का तू?" त्यांनी विचारलं.

"रोज नाय. कधी कधी मिळती जागा."

"कधी कधी म्हंजे कधी?"

ती हसली. "आठवावं लागंल."

"मी रोज विचारतो, जागा मिळाली का म्हणून. तू व्हय म्हणती. खरं कामून सांगितलं नाय?"

"सांगितलं असतं तर तिकडून बी जागा धरायला तुम्ही कन्नडला आला असता," ती म्हणाली.

राजकुमारांना हसू आलं नाही. पडेगावला उतरून ते थेट दुकानात गेले.

पुढचे काही दिवस ते सकाळी नेहमीसारखे यायचे, पण खिडकीबाहेर बघत बसायचे. हतनूरवाल्यांनीसुद्धा एकदा विचारलं, "टेलर, तब्येत बरी हाय ना?" मग एका रविवारी केसरबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या, तिथं ते जाऊन बसले.

"माय, आपण कन्नडला राहायला जाऊ."

"आपण म्हंजे कोण कोण?"

"सगळेच."

"म्या नाय येणार. तुम्ही जा." केसरबाईंनी मेथीची जुडी जोरात झटकली. "अन् दुकानाचं काय? एवढी गिऱ्हाइकं सोडून तिथं माश्या मारणार व्हय?"

मोनालीलाही ते पटलं नव्हतं. तिनं दुसराच विचार केला होता. "मी तिथं एक खोली घेते. रविवारी येत जाईन. तुमचं दुकान इथं राहू द्या, राजनंदिनीची शाळा बी राहू द्या."

"राजनंदिनी मायकडं राहील," राजकुमार म्हणाले. "अन् मी?"

"तुम्ही काय लहान हायेत का?"

"लहान नाय. म्हणूनच इचारतोय."

मोनालीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ती हसतही होती.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुकानासमोरच्या पानटपरीवर कुणी तरी म्हणालंच, "काय हिवराळे, बायकोच्या नोकरीमागं दुकान उचलून निघालात म्हणं!" राजकुमार कधी कुणाला उलट बोलत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "व्हय, मागंच निघालो. माझ्या दुकानापायी ती इतके दिवस उभ्यानं घरी आली, ते तुम्हाला दिसलं नाय. मला बी दिसलं नव्हतं."

खोली बघायला तिघं गेले, कारण ऐन वेळी केसरबाई "मला बी बघू द्या, तुम्हाला काय कळतंय" म्हणून गाडीत चढल्या. पहिल्या घरी मालकानं सगळं दाखवलं, चहा विचारला, मग आडनाव विचारलं. हिवराळे म्हटल्यावर त्याला एकदम आठवलं की खोली कालच कुणाला तरी दिलीय. राजकुमारांचा चेहरा उतरला. केसरबाई गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आल्या. तिथं थांबून त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चल. कन्नडमधी एकच घर हाय का?"

दुसरं घर गीताबाईंच्या भावाचं निघालं. रुग्णालयापासून चालत जाण्याजोगं, दोन खोल्या आणि रस्त्याकडं उघडणारी एक लहानशी ओसरी. केसरबाईंनी नळ सोडून पाहिला, ओसरीत उभं राहून शेजारणीला कचऱ्याची गाडी रोज येते का ते विचारलं, बुद्धविहार किती लांब आहे त्याची चौकशी केली. परत येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी बरं हाय." घरच्यांनी तोच होकार समजला.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी घर हलवलं आणि राजनंदिनीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. त्याआधी राजकुमारांनी हातातले सगळे कपडे शिवून पूर्ण केले आणि दारोदार नेऊन दिले. पडेगावच्या बायकांना आपला ब्लाऊज वेळेवर मिळाल्याचा आनंद व्हावा की टेलर चालल्याचं वाईट वाटावं, ते कळेना. एका म्हातारीनं तर नवंच कापड त्यांच्या हातात दिलं. "तिकडं घेऊन जा, तिथून पाठव," म्हणाली.

कन्नडमधले पहिले महिने कठीण गेले. गावात जुने, हात बसलेले टेलर होते. नव्या माणसाकडं कापड टाकायला कोण येणार? राजकुमार फॉल-पिको करत, चेन बदलून देत, बाकी वेळ ओसरीत बसून रस्ता बघत. पडेगावच्या दुकानाची आठवण यायची, ते लपवत नसत. सोबतच्या सिस्टर हळूहळू कपडे द्यायला लागल्या. पण खरं गिऱ्हाईक आणलं ते केसरबाईंनी. त्या "आठ दिवस राहून जाईन" म्हणून आल्या होत्या. त्यांना दारात बसायची सवय, आणि दारावरून जाणाऱ्या बाईला हाक मारून थांबवायची त्याहून जास्त. "इकडं ये गं. हा ब्लाऊज कुणी शिवला? खांद्यावर कसा वर चढलाय बघ. माझ्या लेकाला दाखव." बायका आधी चिडत, मग दाखवत. पडेगावचं घर केसरबाईंनी भाड्यानं दिलं नाही. कधी कधी जाऊन झाडून येतात, आणि भीमजयंती तिथंच करतात. यंदा सगळ्यांना घेऊन गेल्या होत्या.

मागच्या महिन्यात शाळेला सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याकडं गेले. जाताना कापड घेतलंच होतं. राजकुमार पूर्वीपेक्षा थोडे जाड झालेत. धंदा पडेगावएवढा नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

"अन् मोनालीची बदली झाली तर?" मी विचारलं.

"तवाचं तवा बघू, मॅडम," ते म्हणाले. "मशीन काय, टेम्पोत बसती."

दुपारी मोनाली घरी आली. सकाळची ड्यूटी करून चालत आली होती. राजनंदिनीनं तिला ताट वाढून दिलं. माझ्याशी दोन गोष्टी बोलता बोलता ती आतल्या खोलीत जरा आडवी झाली आणि लगेच झोपली. राजकुमारांनी मशीन थांबवलं. ओसरीच्या उजेडाला सरकून ते एका ब्लाऊजची हातशिलाई करू लागले. तेवढ्यात कुणी बाई पिशवी घेऊन आली आणि मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, झालं का माझं?"

केसरबाईंनी तिला हातानं थांबवलं. "हळू बोल गं. सून झोपलीय. बस जरा, पाणी पी."

ती बाई पायरीवर बसली. राजकुमार तिच्याकडं बघून हसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "उद्या नक्की, मॅडम."