साळिंदराचा बिल्ला

वेबसाइट वाचत वाचत माणूस क्वचितच तळापर्यंत जातो. जो जातो त्याला तिथे कधी कधी एक रांग दिसते: नखाएवढे, आडवे, रंगीत बिल्ले, पोरं दप्तराच्या पट्ट्याला लावतात तसे. कुणी शेवाळाविषयी लिहिणारा, कुणी खिडकीतल्या ढगांची नोंद ठेवणारा, असली एकांडी माणसं ते लावतात. एकावर पेंग्विन, दुसऱ्यावर मासा, आणि बाजूला इवलीशी ओळ: ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरा, मोकळी आहे. सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था; मोकळी म्हणजे नुसती फुकट नव्हे. तिच्या आतली सगळी वळणं कुणीही उघडून बघावीत, दुरुस्त करावीत, शेजाऱ्यालाही द्यावीत.

असले बिल्ले करणाऱ्या एका बाईची ही गोष्ट. नणंदेनं तिचं नाव बिल्लेवाली ठेवलं होतं आणि ते तिला शोभायचं. पोटापाण्यासाठी ती औषधाच्या खोक्यांवरचा मजकूर मांडायची. कारखान्यानं त्यासाठी तिला घरी एक मोठा, लखलखीत कॉम्प्युटर दिला होता. 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' हे वाक्य तिनं इतक्यांदा मांडलं होतं की हा सल्ला औषधाला आहे की आपल्याला, असं तिला एखाद्या दुपारी वाटून जाई. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. घरात सासरे, आणि माहेरपणाला आलेली नणंद, जी परत जायचं नाव काढत नव्हती.

काम आटोपलं की ती बिल्ले काढायला बसे. जागा ठरलेली: अठ्ठ्याऐंशी ठिपके रुंद, एकतीस ठिपके उंच. त्यात चित्र बसवायचं, नाव बसवायचं आणि माणसाला गळही घालायची. एक ठिपका इकडचा तिकडे झाला की पेंग्विनचा कावळा होतो. अशा अडचणीच्या जागेत तिचा जीव रमे. बाहेरच्या ऐसपैस जगात तिला कधीच इतकं नेमकं वागता आलं नव्हतं.

एका शुक्रवारी तिला निरोप आला. एका लहानशा मोकळ्या सिस्टीमची मंडळी होती. जगभर विखुरलेली, हौसेनं राबणारी, आणि त्यांची खूण होती साळिंदर. त्यांना बिल्ला हवा होता, आणि तोही तळाशी नव्हे, त्यांच्या पहिल्या पानावर, अगदी माथ्याला, खाली तिच्या नावासकट. आणखी दोघातिघांनाही विचारलं होतं. रविवारी दुपारी सगळे मिळून मत देणार होते. अट एकच. त्यांच्यात रिवाज होता की सिस्टीमसाठी जे घडवायचं ते त्याच सिस्टीमवर घडवायचं. बिल्ल्यावर तसं लिहायचंही.

तिनं निरोप दोनदा वाचला आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"काय गं वहिनी, चेहरा का पडला?" नणंदेनं विचारलं.

"त्यांच्या सिस्टीमवर काढायचाय बिल्ला."

"मग काढ की. तुझ्याकडे यातली कुठली आहे?"

"कुठलीच नाही."

"कुठलीच? इतकी वर्षं साऱ्या जगाला वापरा, वापरा म्हणून सांगतेस ती?"

"हा कॉम्प्युटर कारखान्याचा. त्यात विकतची सिस्टीम आहे. तिला हात लावून कसं चालेल?"

नणंद इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बरं, दे ठोकून. त्यावरच केलाय म्हणून लिही. कोण बघायला येतंय?"

"साळिंदराला थाप मारू? काटे कुणाला टोचतील?"

पण हसण्यावारी नेऊन भागणार नव्हतं. कारखान्याचं कारण खरं होतं, तसं सवयीचंही खरं होतं. ओळखीची वाट सोडायची तिला भीती वाटत होती. दुसऱ्यांना वाट दाखवण्यात ती भीती छान झाकली जायची. आता ते पांघरूण कुणीतरी अलगद ओढलं होतं. शिवाय तो माथा तिला हवा होता. आयुष्यभर तळाशी काम केलेल्या माणसाला एकदा माथ्यावर जावंसं वाटलं तर त्यात गैर काय?

घरात दुसरं यंत्र एकच होतं. सासऱ्यांचा जुनापुराणा कॉम्प्युटर, ज्यावर ते रोज बुद्धिबळ खेळत आणि रोज जिंकत.

"बाबा, तुमचा कॉम्प्युटर मिळेल का? त्यात दुसरी सिस्टीम घालायची आहे."

"मग पहिली कुठं जाणार?"

"पहिली जाणार."

"आणि माझं बुद्धिबळ?"

"नव्यातही असतं ते."

"असतं म्हणजे तू बघितलंयस?"

"बिल्ल्यावर लिहिलं होतं मी. सगळं मिळतं म्हणून."

"तू तर औषधाच्या खोक्यावर 'या गोळीने झोप येत नाही' असंही लिहितेस. ती गोळी घेऊन मी दुपारभर घोरतो." मग खुर्ची पुढं ओढत ते म्हणाले, "घाल. पण मी शेजारी बसणार."

शनिवारी सकाळी पडदा काळा झाला आणि त्यावरून पांढऱ्या ओळी मुंग्यांसारख्या पळू लागल्या. "आहे की गेला?" सासरे दर थोड्या वेळानं विचारत. शेवटी पडदा उजळला. बुद्धिबळही सापडलं. सासरे पहिल्याच डावात हरले आणि उठून उभे राहिले. "हा नवा फार शिकलेला दिसतो. चालू दे तुझं."

तिनं धीर यावा म्हणून आधी स्वतःचे जुने बिल्ले उघडले. ज्यांचा तिला अभिमान होता तेच. आणि ती बघतच राहिली. त्या मंद, पिवळट पडद्यावर पिवळी अक्षरं पांढऱ्यात विरघळली होती. माशाला शेपूट उरलं नव्हतं.

"बाबा, हा पेंग्विन कसा दिसतो हो?"

"चष्मा लावू?"

"लावलाच आहे तुम्ही."

"मग डाग आहे."

चूक कुठं झाली ते तिला तिथल्या तिथं कळलं. ती नेहमी कारखान्याच्या त्या लखलखीत पडद्यावर, चित्र सोळापट मोठं करून काम करी. आणि या मोकळ्या सिस्टीमी घालणारे बरेच जण असेच थकलेले कॉम्प्युटर जगवत होते. ती मोठ्या आरशात बघून लहान चेहरे काढत आली होती. ज्यांच्यासाठी काढले त्यांच्या खोलीत ती कधी गेलीच नव्हती.

मग तिनं साळिंदर जसं दिसणार तेवढंच ठेवून काढायला घेतलं, नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ बसून. एक रेघ झाली की मागं सरकायची आणि विचारायची.

"बाबा, आता?"

"बुटाचा ब्रश."

"आता?"

"झाडू."

नणंद डोकावून गेली. "फणी छान झालीय. केस कुणाचे?"

तिनं रंग काढून टाकले. दोनच ठेवले, काळा आणि केशरी. 'स्वतंत्र', 'सुरक्षित', 'सुंदर' ही विशेषणं एकेक करून उतरवली. जागा मोकळी झाली तशी अक्षरं श्वास घेऊ लागली. उरलं सिस्टीमचं नाव आणि 'इथेच घडला' हे दोन शब्द. शेवटी तिनं एकाऐवजी दोन चित्रं केली: एकात काटे मिटलेले, दुसऱ्यात उभारलेले. ती आलटून पालटून दिसू लागली.

सासरे दचकून मागं झाले. "अरे! हे रागावलं की!"

ब्रशाला राग येत नसतो. तिनं बिल्ला तसाच पाठवून दिला.

रविवारी दुपारी तिघं त्या जुन्या पडद्यापुढं बसली. मंडळींची बोलणी ओळीओळीनं येत होती. एकाला काटे कमी वाटले. दुसऱ्यानं विचारलं, साळिंदराला शेपूट असतं ना, ते कुठंय? त्यावर मंडळींतलेच आणखी तिघे तुटून पडले आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहिला.

"ही मतं देतायत की भांडतायत?" नणंद म्हणाली.

"यांच्यात ते एकच असतं बहुतेक," ती म्हणाली.

मग एकानं लिहिलं, माझं यंत्र बाबा आदमच्या काळातलं आहे, आणि चष्मा न लावता मला वाचता आलेला हा पहिला बिल्ला. त्यानंतर कुणी शेपटाचं नाव काढलं नाही. मतं पटापट पडली आणि संध्याकाळच्या आत साळिंदर पहिल्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसलं. खाली तिचं नाव होतं. ते तिनं तीनदा वाचलं, खोक्यावरचा मजकूर छपाईआधी तपासतात तसं.

नणंदेनं टाळी वाजवली. सासरे म्हणाले, "माथ्यावर बसलीस तर आता खाली बघून चाल."

पण बिल्लेवालीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पुन्हा कीबोर्डवर वाकली होती आणि मंडळींना एक तक्रार लिहीत होती: बारीक ठिपके भरताना मधेच माउसचा बाण दिसेनासा होतो. ती पाठवली आणि लगेच दुसरी लिहिली. मग तिसरी. पाहुण्याला घर नेहमी छानच दिसतं. गळती दिसते ती राहणाऱ्याला.

तिकडून उत्तर आलं, "बाणाचं बघतो. बाकीच्या तक्रारी जरा दमानं, आम्हीही माणसंच आहोत."

ती हसली आणि चौथी लिहायला घेतली.