आमचं टेबल

मिस्त्रीणबाई कुणाच्याही घरी गेल्या तरी आधी बसायच्या नाहीत. समोर जे काही सपाट दिसेल, ओटा, कॉटची फळी, अगदी पाटसुद्धा, त्यावरून उजव्या हाताचा तळवा सावकाश फिरवायच्या. डोळे मिटून. मग निकाल सांगायच्या. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या जेवणाच्या टेबलावरून असाच हात फिरला आणि त्या म्हणाल्या, "हितं खळगा हाय की, वैनी."

त्या टेबलावर मी आयुष्यभर ताटं वाढली, शाळेच्या वह्या तपासल्या, तुमच्या आईला पाढे शिकवले. खळगा मला कधी दिसला नव्हता. तुमचे आजोबा मात्र खुर्चीतून उठून वाकून बघायला लागले. "अरेच्चा, आहे की!" म्हणाले. त्या 'आहे की'मधला आनंद मला मुळीच आवडला नाही.

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारता ना, आजी, तुझ्या मागे भिंतीला ते लांबलचक टेबल कसलं? ते सांगायचं तर या बाईंपासूनच सुरुवात करायला हवी.

आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. नवरा हातमागाचे धोटे, म्हणजे सूत इकडून तिकडे नेणारे लाकडी ठोकळे, करायचा. माग बंद पडत गेले, मग नवराही गेला. बाईंनी एक जुनं शेपर मशीन विकत घेतलं आणि दाराच्या चौकटी, देवघरं करायला लागल्या. शेपर म्हणजे लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध पाती बसवलेला एक उभा दांडा. दांडा गरगर फिरतो, त्याला घासून लाकूड सरकवलं की कडेला गोलाई येते, नक्षी येते. बाई अक्कलकोटकडच्या. माणसांशी मराठी बोलायच्या, मशीनला रागवायचं असलं की कानडी.

त्या दिवशी आमच्याकडे आल्या होत्या त्या कामासाठीच. मशीनचं टेबल आखूड. चौकटीचं लांब लाकूड पुढे सरकलं की त्याचं टोक खाली झुकायचं, आणि पातं नको तिथे चावा घ्यायचं. "अण्णा, तुमी रेल्वेच्या कारखान्यात व्हतासा म्हणं. मशीनला फुडं एक टेबल जोडायचं हाय. येतासा का बघायला?"

आजोबा कुर्डुवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून एकच पेपर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा वाचत होते. मी लोणच्याच्या बरण्यांसाठी एक फळी मागत होते, तर "बघू" म्हणायचे. बाईंनी विचारलं आणि हे चहा अर्धा टाकून चप्पल शोधायला लागले.

त्यानंतर आमचं घर म्हणजे त्यांची झोपायची आणि जेवायची जागा झाली. जेवायचीसुद्धा रोज नाही. कारण बाई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायच्या, आणि ते दोघं लाकडाच्या ओंडक्यावर बसून ती मोडून खायचे. घरी कडक भाकरी केली की याच गृहस्थांचे दात दुखतात. घरी यायचे ते भुश्शानं माखून. मी दारातच त्यांना झटकायची, आणि ते मान मागे वळवून शेडकडे बघत म्हणायचे, "आज आमच्या टेबलाचे पाय झाले."

आमच्या. इथे जरा थांबा. तुमचं तिकडे एका 'अवर'मध्ये भागतं. मराठीत दोन शब्द आहेत. 'आपलं' म्हटलं की ऐकणाराही त्यात आला. 'आमचं' म्हटलं की ऐकणारा बाहेर. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तरी हा फरक मला झोपेतही कळतो. माझा नवरा माझ्याच दारात उभा राहून मला सांगत होता की त्याचं एक टेबल आहे आणि त्यात मी नाही.

मी बघायला गेले. जावंसं वाटत नव्हतं म्हणूनच गेले. दोघांचं भांडण चाललं होतं. आजोबांच्या हातात लेव्हलची नळी, बाईंचा तळवा टेबलावर.

"बुडबुडा मधोमध आहे. टेबल सरळ आहे!"

"बुडबुड्याला काय कळतंय? हितनं उतरलंय. हात लावून बघा की."

"हातानं मापं घेतात होय?"

"मग काय डोळ्यानं? डोळं तर तुमचं चष्म्यात हाईत."

आजोबा खो खो हसले. हे भांडण आठवडाभर चाललं. बरोबर कोण निघालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, कारण दोघंही 'मीच' म्हणतात. पण घरी परत येताना मला एवढंच वाटत होतं की माझ्याशी हे इतकं मन लावून कधी भांडले नाहीत. माझ्याशी भांडण झालं की पेपर उघडतात.

मग माझी परात गेली. देवघराच्या कमानीसाठी फर्मा करायचा होता. फर्मा म्हणजे लाकडाचा साचा. त्याच्या कडेनं कितीही तुकडे कापा, सगळे एकसारखे उतरतात. कमानीला सुबक गोलाई हवी, म्हणून आजोबांनी माझी पितळी परात उचलून नेली आणि प्लायवूडवर तिची कड पेन्सिलीनं आखली. नेमकी शेंगापोळ्यांच्या दिवशी. मी कणीक कढईत मळली. आज गल्लीत कुणाच्याही देवघरापुढे हात जोडले की मला आधी माझी परात दिसते. बाई सगळ्यांना सांगायच्या, "ही कमान अण्णांची." परात कुणाची हे कुणी विचारलं नाही.

टेबल पुरं झालं त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले. संध्याकाळी बाई शटर ओढायला गेल्या आणि शटर खाली येईना. टेबलाचं टोक हातभर बाहेर! दोघांनी मशीनचं माप घेतलं होतं, लाकडाचं घेतलं होतं, शेडचं घ्यायचंच राहिलं होतं. टेबल त्या दिवशीच मशीनला जोडलं होतं, तोवर ते आत भिंतीला असायचं, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला फार बरं वाटलं. पेढा मी तेव्हा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी आजोबा भातात नुसती बोटं फिरवत बसले. कापायचं म्हणाले. आवाज असा, की मला बघवेना.

"अहो, सगळा जन्म रेल्वेत गेला तुमचा," मी म्हणाले. "गाडीतला मधला बर्थ कसा खाली पाडतात? तसं पाडा ना ते. बिजागऱ्या लावा."

ते ताडकन उठले. मग हात धुऊन जे पळाले ते ताक घ्यायचं विसरले.

टेबलाचं टोक संध्याकाळी बर्थसारखं खाली पडायला लागलं. येईल त्याला आजोबा ते पाडून दाखवायचे. "आमच्या डोक्यात आलं, बर्थसारखं करावं."

"आमच्या म्हणजे कुणाच्या हो?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"आमच्या म्हणजे..." ते अडखळले. "आपल्याच की."

बाई मशीन पुसत होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. कुणाला हसल्या, ते काही मला कळलं नाही.

पुढे भुश्शानं बाईंना दम लागायला लागला. त्यांचा हुबळीचा मुलगा न्यायला आला. मशीन सांगोल्याच्या एका माणसानं घेतलं, पण तो म्हणाला, नुसतं मशीन द्या, ही शेपटी नको. बाईंनी त्याला कानडीत जे काही ऐकवलं ते आजोबांनी मला मराठीत सांगितलं नाही.

जायच्या दिवशी त्या टेम्पोतून टेबल घेऊन आमच्या दारात आल्या. आजोबा घरात नव्हते. मुद्दाम बाहेर गेले होते, असं माझं मत आहे.

"वैनी, आपलं टेबल तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तेनं मुडदा शेपटी म्हणाला."

आपलं. मी ते नीट ऐकलं. पण त्या 'आपला चहा', 'आपलं ऊन' असंही म्हणायच्या. त्यामुळे त्यात मला धरलं होतं की नाही, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. मी म्हणाले, "ठेवा तिथे भिंतीला." मग चहा टाकला. चहा होईपर्यंत त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावरून परत हात फिरवला. "खळगा तसाच हाय," म्हणाल्या. चहा उभ्यानंच प्याल्या आणि गेल्या.

आता त्या लांब टेबलावर माझ्या बरण्या असतात. एका टोकाला बर्थ. आजोबा रोज सकाळी तो कारण नसताना खाली पाडतात, परत वर उचलतात. पाहुण्यांना अजून सांगतात, "हे आमचं टेबल."

ते दूध आणायला गेले की मी सगळ्या बरण्या खाली काढून ठेवते. डोळे मिटते. या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा सावकाश फिरवते, बिजागरीच्या सांध्यावर जरा जास्तच थांबते. एखादा तरी खळगा सापडला पाहिजे.

अजून सापडलेला नाही.