हवा कशी आहे?

आमच्या शहराला ऋतू दोनच, सीझन आणि ऑफ. सीझनमध्ये हवा कोरडी आणि गार असते, समुद्र शहाण्यासारखा वागतो, आणि बाहेरचे लोक येऊन म्हणतात, "तुम्ही किती नशीबवान, इथंच राहता!" त्यांनी एकदा ऑफमध्ये येऊन राहावं अशी माझी फार इच्छा आहे. उशांना बुरशी येते, कुलपं गंजून बसतात, काडेपेटीतली काडी पेटत नाही. मी शिवणकाम करते. किनाऱ्यावरच्या लॉजचे पडदे आणि उशांचे अभ्रे माझ्याकडे असतात. माझ्या तर सुयासुद्धा गंजतात.

त्या लॉजच्या चादरी हवामानबाई धुते. हे नाव तिला मीच ठेवलं. ऑफमध्ये मालक लेकीकडे डोंगरात जाऊन बसतो आणि लॉजचा फोन हिच्या गळ्यात मारतो. फोनवर सगळ्यांचा प्रश्न एकच, हवा कशी आहे, कधी यावं? ही ओले हात पुसत इमानदारीत सांगायची, "आत्ता नका येऊ, चादरी वाळत नाहीत." मालकाच्या कानावर हे गेलं असतं तर त्याने तिलाच दोरीवर वाळत घातलं असतं.

तिचा नवरा त्याच लॉजचा दुरुस्तीवाला. बिजागऱ्यांना तेल घालायचं, खिडक्यांच्या गजांवरचा गंज खरवडायचा आणि पाण्याच्या पंपाशी भांडायचं, हे त्याचं काम. राग कायम नाकावर. एके काळी त्याचं आणि धाकट्या भावाचं मिळून दुरुस्तीचं दुकान होतं, इथून दूर, समुद्राचं नावही नाही अशा भागात. भावाने न विचारता दुकानातलं लेथ मशीन विकून टाकलं. हा जो उठला, तो बायकोला घेऊन इथं आला. "मला भाऊ नाही," एवढंच म्हणायचा. त्याच्यासमोर दिराचं नाव काढायची हिची छाती नव्हती.

गेला ऑफ सुरू झाला आणि तो पंपाजवळच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, "फार दिवस काढणार नाहीत. घरी न्या." घर म्हणजे गच्चीवर टाकीशेजारची पत्र्याची खोली. तिला खिडकी नाही आणि वर जायला लोखंडी शिडी. मालकाने फोनवरून मोठेपणा दाखवला. "सात नंबरमध्ये झोपव त्याला," म्हणाला. "सीझन लागेपर्यंत."

सात नंबर ही लॉजची सगळ्यात चांगली खोली. रुंद खिडकी, समोर थेट समुद्र. ज्या खिडकीच्या बिजागऱ्यांना त्याने इतकी वर्षं तेल घातलं, तिच्यासमोर तो पहिल्यांदाच आडवा झाला. तेव्हापासून हिचं मागणं एकच होतं. नवऱ्याचा शेवट या खोलीत व्हावा, पत्र्याखाली भाजत होऊ नये. बाईमाणसाने आपल्या माणसाच्या मरणाची जागा मागावी, याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

वाचा गेली तरी एक शब्द त्याच्यापाशी उरला होता. "हवा." जीभ जड, पण शब्द स्पष्ट. ती उठून खिडकी उघडायची. थोड्या वेळाने पुन्हा, "हवा." खिडकी उघडीच असायची, मग ती पंखा वाढवायची. तो डावा हात गादीवर आपटायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचा.

"किती हवा देऊ गं या माणसाला?" ती माझ्या मशीनशेजारी बसून रडायची. "बाहेर तरी आहे का ती?"

मीही त्याच्याजवळ जाऊन बसले होते. मला "हवा" म्हणाला, तेव्हा मी पुठ्ठ्याने वारा घातला. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी मनात म्हटलं, स्वभावाला औषध नाही, आजारपणातही राग काही उतरत नाही याचा.

मग एका सकाळी वारा फिरला. दुपारपर्यंत चादरी कडकडीत वाळल्या. ती माझ्याकडे आली ती पांढरीफटक पडलेली. "हवा सुधारली गं," म्हणाली. "आता गिऱ्हाइकं येतील, मालकही येईल."

त्या दिवसापासून हवामानबाई खोटं बोलायला लागली. बाहेर लख्ख ऊन, आणि ही फोनवर सांगतेय, "छे छे, समुद्र नुसता खवळलाय. महिनाभर थांबा." मी पडद्यांची मापं घ्यायला गेले होते तेव्हा असाच एक फोन आला. बोलणारा माणूस मध्येमध्ये धापा टाकत होता. फोन जुना, पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू येतं.

"मला दमा आहे. तिकडची हवा कशी आहे?"

"दमा असेल तर मुळीच नका येऊ," ही म्हणाली. "श्वास घेववत नाही इथं. महिनाभराने या."

"महिनाभर... चालेल ना तोवर?"

"न चालायला काय झालं? समुद्र कुठं पळून जातोय?"

पलीकडून नुसती धाप ऐकू आली. मग तो म्हणाला, "तुम्ही तिथल्याच... बरं, राहू दे." आणि फोन ठेवला.

कित्येक दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली. "आणखी एक टळला," म्हणाली. मीही हसले.

तिचं मागणं पुरं झालं. मालक परत यायच्या आत, सात नंबरमध्येच, भर दुपारी तो गेला. जायच्या आधी पुन्हा तेच, "हवा." ही म्हणाली, "उघडीच आहे हो खिडकी." त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, बस. ती मला सांगत होती तेव्हा रडत नव्हती. खिडकीसमोर गेले, हे तिने दोनदा सांगितलं.

सीझन लागला. मालकाने खोलीला रंग काढला, मला नवे पडदे शिवायला सांगितले. मी स्टुलावर चढून ते लावत होते आणि ती गादीवर चादर घालत होती. तेवढ्यात दारात एक हडकुळा माणूस उभा राहिला. एका हातात पिशवी, दुसऱ्यात दम्याचा पंप.

"वहिनी," तो म्हणाला. "दादा कुठं आहे?"

तिने सांगितलं. तो अर्धवट घातलेल्या चादरीवरच बसला. पंप तोंडाला लावून दोनदा ओढला.

"पडल्याचं मला फार उशिरा कळलं," तो म्हणाला. "लगेच निघणार होतो. डॉक्टर म्हणाले, ओल्या हवेत गेलास तर तूच परत येणार नाहीस. म्हणून इथं फोन करून विचारलं. नाव सांगायचा धीर झाला नाही, म्हटलं फोन आपटाल. फोनवरच्या बाई म्हणाल्या, हवा खराब आहे, महिनाभराने या."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. हवामानबाईच्या हातात उशी होती. तिने ती पोटाशी धरली.

"मीच होते ती, भावोजी," ती म्हणाली. "हवा चांगली होती."

त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. त्याचं लक्ष खिडकीकडे होतं. "शेवटी काही बोलला का तो?"

"वाचा गेली होती. एकच शब्द यायचा. हवा." ती घाईघाईने सांगू लागली, जणू निदान एवढं तरी आपण नीट केलं होतं. "मी खिडकी उघडायची, पंखा लावायची. तरी आपलं तेच. हवा, हवा."

तो खिडकीकडून तिच्याकडे वळला. मग अगदी हळू म्हणाला, "कोण हवा, वहिनी?"

मला भिंतीकडे फिरवलेलं ते तोंड आठवलं, आणि माझ्या हातातला पुठ्ठा. खाली फोन वाजायला लागला. सीझनच होता, वाजणारच. ती जागची हलली नाही.