आमच्या किटलीतलं पाणी

प्रभुभोजन घेऊन बाबा चर्चबाहेर आले ते अगदी खुशीत. "देवाजवळ सगळं कबूल केलं. हलकं वाटतंय बघ," म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांना हलकं वाटतंय, आणि जिच्या डोक्यावर ओझं दिलं तिचं काय?

आमचं गाव आष्टीकडचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बाबा गावच्या दूध संस्थेत काचेची नळी दुधात सोडून डिग्री बघायचे, म्हणजे दुधात पाणी आहे का ते. म्हशी आटत आल्या होत्या, म्हणून आमच्या किटलीत मी तांब्याभर पाणी घालायचे. बाबांना ते माहीत होतं, आमची किटली ते न तपासताच ओतून घ्यायचे. एके दिवशी सगळ्यांचं एकत्र केलेलं दूध पातळ निघालं, डिग्री लागली नाही. कुणाचं पाणी, म्हणून चेअरमन कडाडले, तर बाबांनी बोट दाखवलं संस्थेत दूध घालणाऱ्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एका मावशीकडे. त्या दिवसापासून संस्थेनं तिचं दूध घेणं बंद केलं.

"आमाला प्यायाला पाणी न्हाई, दुधात कुठून घालू?" ती ओरडत राहिली. गावात एकच बोअर चालू होता, चर्चच्या आवारात, आमच्या दारासमोर. पाणी हाताशी होतं ते आमच्या, एवढी साधी गोष्ट एकाही शहाण्याच्या ध्यानात आली नाही.

"देवाला आधीच ठाऊक होतं," मी बाबांना म्हणाले. "मावशीला सांगा." ते घराकडे चालू लागले. आणि मी तरी काय दिवे लावले होते? पाणी घालणारे हात माझेच. महिनाभर मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. खरा राग त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीला हाताला धरून संस्थेत नेलं. दूध घालायला आलेल्या रांगेसमोर म्हणाले, "पाणी आमच्या किटलीत होतं. मी घातलं."

बाबा मला खोटं पाडतील असं वाटलं. त्यांनी हातातली काचेची नळी खाली ठेवली. "आणि हिचं नाव मी घेतलं," ते म्हणाले. मग पुटपुटले, "देवाजवळ कबूल केलंय मी."

"देवाला सांगितलं, मग मला का म्हून न्हाई? लई लांब ऱ्हाती का मी?" मावशीनं आम्हा दोघांना उभं-आडवं झापलं. शिव्या खाता खाता मला इतकं मोकळं वाटायला लागलं, की हसू फुटेल अशी भीती वाटली.

मावशीचं दूध पुन्हा सुरू झालं. मात्र रोज पहिली किटली आमची तपासायची, हा तिचा हट्ट. बाबा सगळ्यांना ऐकू जाईल अशी डिग्री सांगायचे, मावशी वाकून खात्री करून घ्यायची, आणि बाबा हसायचे. तसं हसताना मी त्यांना चर्चच्या दारातही पाहिलं नव्हतं.