वडिलांच्या रकान्यात मामा

औरंगाबादच्या एका प्रोग्रामरनं मला फसवलं. इतकी वर्षं झाली, माझा राग उतरलेला नाही.

जुना जालन्यात माझं टायपिंगचं दुकान होतं. समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेचं काम मी भांडून मिळवलं होतं. फॉर्म पोत्यात भरून आले. माहिती एक्सएमएलमध्ये भरायची होती: प्रत्येक उमेदवाराची एक नोंद, तिच्या पोटात नाव, जन्म, शिक्षण, वडील, मामा, गाव असे टॅग. त्या नोंदींचा तक्ता करणारी स्टाइलशीट तो लिहिणार होता. त्यानं सहा दिवस मागितले. मी त्याला चारावर आणलं.

त्यानं नमुन्याच्या पाच नोंदी छापून दाखवल्या. पाचही पूर्ण भरलेल्या. मी विचारलं, "एखाद्याची एखादी गोष्ट नसली तर?"

"कायबी होत न्हाई, शेठ. हाय ते छापतं, न्हाई ते सोडतं. फॉर्मात रिकामं असंल तर टॅगच टाकू नका. काम जल्दी होईल."

मला जल्दीच हवी होती.

त्याच पोत्यात तीर्थपुरीहून आलेला माझ्या पुतणीचा फॉर्म होता. माझा थोरला भाऊ नुकताच वारला होता. लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्यात रीत. शहागडचं एक स्थळ जवळपास ठरल्यासारखं होतं. ते मेळाव्यातच बोलणार होते. वहिनीनं वडिलांची जागा कोरी सोडली होती. "ह्यांच्या नावाआधी 'कै.' माझ्या हातानं लिहवत न्हाई, भावजी. तुम्हीच घाला."

"बराबर घालतो," मी म्हणालो. आणि घाईत फॉर्म तसाच टायपिंगला गेला.

त्याची स्टाइलशीट टॅगचं नाव बघतच नव्हती. येईल त्या टॅगला ओळीनं तक्त्यातलं पुढचं घर देत जायची. वडिलांचा टॅग नाही म्हटल्यावर मामा एक घर डावीकडं सरकला, त्याच्यामागून गाव सरकलं. जागा वाचवायला मुलीचं फक्त नाव-आडनाव छापलं होतं, त्यामुळं भावाचं नाव पानावर कुठंच उरलं नाही. मी पहिली चार पानं तपासली होती. ती बिनचूक होती.

मांडवात पुस्तिका वाटल्या. शहागडच्या पाहुण्यांतली एक बाई मोठ्यानं वाचायला लागली.

"अगं बया! हिचा मामाच बाप व्हय? अन् अख्खी तीर्थपुरी मामा!"

सगळी रांग हसली. वहिनी उठली, पुतणीचा हात धरून मांडवाबाहेर गेली. पाहुणे जेवले आणि लग्नाचा विषय न काढता निघाले. ते वर्ष तसंच गेलं. पुतणीनं पुन्हा कुठला फॉर्म भरू दिला नाही.

मी प्रोग्रामरला फोन लावला. तो म्हणाला, "रिकाम्या टॅगची तपासणी करायला दोन दिवस लागतात, शेठ. ते तुम्हीच कापले."

"मंग तवाच सांगायचं व्हतं! विचारलं व्हतं ना मी तुला!"

त्यानं फोन ठेवला.

पुढं ते काम मी स्वतः शिकलो. दर घरासाठी टॅग नाव घेऊन मागायचा. नसेल तर तिथं रेघ ओढून जागा राखायची. दोन दिवस नाही, एका सकाळचं काम आहे.

वहिनीनं मला एकदाच विचारलं, "भावजी, ह्यांची जागा कोरी तरी राहू द्यायची. दुसऱ्याला कशी दिली?"

नाव घालायचं मी विसरलो. त्यासाठी मी तिच्या पाया पडलो. पण जागा त्यानं घालवली. त्यानं तीर्थपुरीला यावं, माझ्या वहिनीसमोर बसावं आणि याचं उत्तर द्यावं.